वाहन-सल्ला : मेमरी सीटचे मॉड्यूल बदलण्यापूर्वी

प्रश्न : मेमरी सीट (ठरवून ठेवलेल्या जागेवर बटण दाबताच आपोआप जाणारी सीट) असलेली एक एसयूव्ही मी जुनी विकत घेतली आहे. मी आणि पत्नी दोघेही ती चालवतो आणि आमच्या उंचीत बराच फरक असल्यामुळे ही सोय आम्हाला रोज लागते. बॅटरी बदलल्यापासून १ किंवा २ क्रमांकाचे बटण दाबले तरी सीट जागची हलत नाही. सीटच्या बाजूच्या बटणांनी मात्र ती पुढे-मागे आणि वर-खाली व्यवस्थित होते. गॅरेजमध्ये सीटचे मॉड्यूल (सीटची हालचाल सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक भाग) बदलायला सांगितले आहे. ते बदलावे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : इतक्यात बदलू नये. बाजूच्या बटणांनी सीट सर्व दिशांना सुरळीत जाते, त्याअर्थी सीट हलवणाऱ्या विजेच्या मोटारी चांगल्या आहेत आणि त्यांना वीजही पोहोचते आहे. शिवाय अनेक गाड्यांत ही बटणेसुद्धा त्याच मॉड्यूलमार्फत मोटारी चालवतात. आपली गाडी तशी असेल तर मॉड्यूल पूर्ण निकामी झाल्याची शक्यता फारच कमी उरते. बिघाड बॅटरी बदलली त्याच दिवशी सुरू झाला, हा आपल्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा तपशील आहे.

सीट नेमकी कुठे आहे हे मॉड्यूलला दिसत नसते. प्रत्येक मोटारीत एक लहानसा सेन्सर असतो, मोटर फिरू लागली की तो विजेचे ठोके पाठवतो आणि मॉड्यूल ते ठोके मोजत राहते. डोळे बांधलेल्या माणसाने भिंतीला हात लावून पावले मोजत खोलीत फिरावे, तसाच हा प्रकार आहे. आपण ‘सेट’ दाबून १ क्रमांकावर जी जागा साठवतो, ती म्हणजे प्रत्यक्षात प्रत्येक मोटारीच्या ठोक्यांचा एक आकडा. बॅटरी सोडवल्यावर काही गाड्यांत हे आकडे पुसले जातात, तर काहींत मोजणी जिथून सुरू होते तो आरंभबिंदूच हरवतो आणि मग मॉड्यूल अंदाजाने सीट हलवण्यापेक्षा ती न हलवणेच पसंत करते.

उपाय बहुधा बिनखर्चाचा आहे. मागच्या सीटवर व सीटखाली काही नाही याची खात्री करून, इंजिन चालू ठेवून आणि गियर ‘पी’मध्ये (पार्क) घालून सीट अगदी पुढच्या टोकापर्यंत न्यावी व टोकाला पोहोचल्यावरही बटण काही सेकंद दाबून धरावे; मग मागच्या टोकाला तसेच करावे. उंची आणि पाठीचा कल यांसाठीही हीच कृती करावी. त्यानंतर सोयीची जागा लावून ‘सेट’ दाबावे आणि लगेच, काही सेकंदांच्या आत, क्रमांकाचे बटण दाबावे. जागा साठवली गेली की बऱ्याच गाड्यांत बीप ऐकू येतो. प्रत्येक कंपनीची पद्धत थोडी निराळी असते आणि काही गाड्यांना हे काम स्कॅनरनेच (गाडीला जोडायच्या तपासणी-यंत्रानेच) करून घ्यावे लागते, म्हणून गाडीसोबतची पुस्तिका आधी वाचावी. जागा परत बोलावतानाही अटी असतात : गाडी धावत असताना बहुतेक सीट मुद्दामच ऐकत नाहीत, आणि काहींमध्ये दार बंद असेल तर सीट जागेवर पोहोचेपर्यंत बटण दाबून धरावे लागते. एवढे करूनही सीट ढिम्म राहिली, तर बॅटरीचे टर्मिनल घट्ट आहेत का ते पाहावे आणि मगच स्कॅनर लावून मॉड्यूलमधील बिघाडाचे कोड वाचून घ्यावेत. कोड न वाचता मॉड्यूल बदलण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही, कारण हा भाग महाग असतो आणि अनेकदा नवा बसवल्यावरही त्याचे कोडिंग (गाडीशी जुळवून घेणे) वेगळे करून घ्यावे लागते.

प्रश्न : पावसाळा संपल्यापासून सीट दर वेळी बोटभर सरकून थांबते. पुन्हा बटण दाबले की पुन्हा बोटभर. मेमरी तर चालतच नाही. मोटर गेली का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : मोटर फिरते आहे, तिचे ठोके मॉड्यूलपर्यंत पोहोचत नसावेत, असे या लक्षणावरून वाटते. वीज देऊनही ठोके येत नाहीत, म्हणजे काहीतरी अडकले आहे, असे समजून मॉड्यूल वीज तोडते. खरोखरच काही अडकले असेल तरीही ते तेच करील. म्हणून प्रथम टॉर्च घेऊन सीटखाली पाहावे. घरंगळलेली पाण्याची बाटली, छत्री, रुळात गेलेले नाणे किंवा खडे असे काहीही तिथे निघू शकते.

काही सापडले नाही, तर सीटखालच्या वायरिंगकडे वळावे. कार्पेटवर हात दाबून पाहावा. वरून कोरडे वाटले तरी खालचा फोम ओला असू शकतो. एसीच्या पाण्याची नळी किंवा सनरूफचे निचऱ्याचे पाइप तुंबले की ते पाणी गाडीत उतरते, आणि सीटचे कपलर (वायरी जोडणारे प्लग) जमिनीलगतच असतात. आतल्या पिना हिरवट पडलेल्या दिसल्या, तर दोष सापडला असे समजायला हरकत नाही. उंदरांनी वायर कुरतडल्याच्या खुणाही याच वेळी पाहाव्यात.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. सीटखालच्या पिवळ्या कपलरला स्वतः हात लावू नये. ती सीटमधल्या साइड एअरबॅगची वायर असते. बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढून, पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबून, मगच जाणकार इलेक्ट्रिशियनने ते सोडवावे, आणि ते सुटे असताना इग्निशन चुकूनही चालू करू नये, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून राहतो. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने स्वच्छ करून पूर्ण वाळू द्याव्यात. पाणी कुठून येते ते शोधले नाही, तर पुढच्या पावसाळ्यात हेच दुखणे परत येईल. पिना स्वच्छ असूनही सीट अडखळत असेल, तर स्कॅनरवर लाइव्ह डेटा (सेन्सरचे त्या क्षणाचे आकडे) उघडून सीट हलवावी : सीट सरकते आणि आकडा बदलत नाही, असे दिसल्यास सेन्सर किंवा त्याची वायर दोषी आहे. सेन्सर बऱ्याचदा मोटारीसोबतच येतो, त्यामुळे तेव्हा ती एक मोटर बदलावी लागेल, पूर्ण सीट नव्हे.

प्रश्न : इंजिन बंद करताच सीट आपोआप मागे जाते आणि मागे बसलेल्या आईच्या गुडघ्यांना लागते. हा बिघाड आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. चालकाला उतरणे सोपे जावे म्हणून दिलेली ही सोय आहे, आणि ती जुनी आहे : १९५७च्या फोर्ड थंडरबर्डमध्येही इग्निशन बंद केले की मागे जाणारी सीट मिळत असे. गाडीच्या स्क्रीनवरील सेटिंगमध्ये सीटसंबंधी किंवा आरामविषयक विभागात ती बंद करता येते. आपल्या गाडीत प्रत्येक किल्लीची नोंद वेगळी असेल, तर दोन्ही किल्ल्यांवर ती स्वतंत्रपणे बंद करावी. तोवर आईंना चालकाच्या मागे न बसवता डावीकडे बसवावे, आणि लहान मुलांच्या बाबतीतही तीच काळजी घ्यावी.