पहिल्या सर्व्हरवर कुठलं लिनक्स टाकू?

भावा, मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीचं बिलिंगच चालवायचंय ना, मग डेबियन स्टेबल नायतर उबंटू एलटीएस (लांब मुदतीच्या सपोर्टवालं व्हर्जन), यातलं एक घे आणि विषय संपव. एलटीएसला 5 वर्षं सिक्युरिटी अपडेट येतात, फेडोरा नावाच्या दुसऱ्या लिनक्सला साधारण 13 महिने, म्हणजे दरवर्षी परत उठाठेव. जुन्या व्हिडिओत सेंटओएस 7 हे लिनक्स सांगतील, त्याचा सपोर्ट जून 2024 लाच संपलाय, तसलंच पाहिजे असेल तर अल्मालिनक्स बघ.

नवीन पोरं हमखास काय करतात तर सर्व्हरवर डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या-माऊसवाला स्क्रीन, चढवतात (रॅम फुकट जाते), सगळं रूटनं (सगळे अधिकार असलेल्या खात्यानं) चालवतात आणि बॅकअप त्याच डिस्कवर ठेवतात. वेगळ्या डिस्कवर घे, एकदा रिस्टोर करून बघ, आणि सांगलीत लाईट कधी जाईल नेम नाय, यूपीएस आधी आण. डॉकर बिकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत चालवायचं साधन) नंतर बघू.