चक्रवाढ, घातांकी की दामदुप्पट?

परभणीच्या एका शिक्षकांनी विचारलंय: ‘तंत्रज्ञान घातांकी वेगानं वाढतं’ या वाक्यात ‘घातांकी’च्या जागी ‘दामदुप्पट’ चालेल का? आणि मुळात हे वाक्य खरं आहे का?

सर, दामदुप्पट नको. शब्द आपल्या तोंडातला आहे खरा, पण जुन्या हिंदू कायद्यात दामदुपट हा सावकाराला घातलेला बांध होता. एका वेळी वसूल करायचं व्याज मुदलापेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही. हजाराचे दोन हजार झाले की हिशोब थांबला.

मी ‘चक्रवाढ’ लिहीन. आमच्या लातूरकडची म्हातारी माणसं वाढीदिढीचा हिशोब सांगायची. पेरणीला एक पोतं ज्वारी नेली की सुगीला दीड पोतं घालायचं. नाही फिटलं तर पुढच्या साली दिडाची दिढी, म्हणजे सव्वादोन. तिसऱ्या साली सव्वातीनच्याही वर. वाढ मुदलात मिसळते आणि मग तिलाही वाढ लागते. संगणकाच्या चिपचं असंच झालं, कारण आजच्या संगणकावरच उद्याची चिप आखतात. चिपवरचे ट्रान्झिस्टरसारखे घटक दरवर्षी दुप्पट होतील, असा अंदाज पुढे इंटेल ही चिप कंपनी काढणाऱ्यांपैकी एक असलेल्या गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये मांडला; १९७५ मध्ये त्यांनी ही मुदत दोन वर्षांची केली. दोन वर्षांला दुप्पट धरली, तरी वीस वर्षांत १०२४ पट होते.

‘घातांकी’ही बरोबरच आहे, गणितात तोच वापरावा. खटकतं ते त्याला चिकटलेलं ‘वेगानं’. ठरलेल्या मुदतीत ठरलेली पट, एवढंच तो शब्द सांगतो, आणि अशी वाढ सुरुवातीला डोळ्यांत भरतही नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एक दाता पहिल्या दिवशी २ कवड्या देतो आणि रोज दुप्पट करत जातो. पाचव्या दिवशी हातावर जेमतेम ३२ कवड्या पडतात. तीस दिवसांची बेरीज मात्र २१४ कोटींच्या वर जाते! वर्गात फळ्यावर करून दाखवाच.

आता वाक्याचा खरेपणा. ‘तंत्रज्ञान’ हे काही एका मापानं मोजायचं धान्य नव्हे. १९५८ मध्ये प्रवासी सेवेत आलेलं बोईंग ७०७ ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडायचं. आजची प्रवासी विमानंही साधारण तेवढ्याच वेगानं जातात. ज्वारीसारखंच आहे हे: आधी रांगते, मग दिवसागणिक तरारते, आणि निसवली की उंची धरत नाही. म्हणून काय वाढलं आणि किती मुदतीत, हे वाक्यात आलंच पाहिजे. ‘चिपवरच्या ट्रान्झिस्टरांची संख्या कित्येक दशकं चक्रवाढीनं, साधारण दोन वर्षांला दुप्पट, वाढत गेली’ असं मुलांना लिहून द्या.