नरक्याच्या झाडामागे जायचं असेल, तर केमिस्ट्री पक्की करा

गारगोटीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला आहे, पीसीबी घेऊन. नरक्याच्या लाकडाच्या तस्करीच्या बातम्या वाचताना तिला कळलं, की या झाडात कॅन्सरवरचं औषध आहे. तेव्हापासून 'कॅन्सरच्या पेशींचे सिग्नल अडवणारं औषध आपल्याच जंगलातून शोधायचं' असं तिनं मनात घेतलंय. घरचे म्हणतात, बीएएमएस कर. वडिलांचे प्रश्न तीन: यात करिअर आहे का, किती वर्षं लागतील, आणि केमो चालू असलेल्या तिच्या चुलत्यांना नरक्याच्या सालीचा काढा द्यावा का?

नमस्कार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: काढा देऊ नका. आधीच दिला असेल, तर केमो देणाऱ्या डॉक्टरांना आजच सांगा. नरक्यात कॅम्प्टोथेसिन असतं आणि ते विषारी आहे.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तरही याच रेणूच्या इतिहासात आहे. 1966 साली अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, हे तिला जरूर सांगा. पुढे आपल्या नरक्यातही तेच सापडलं. सत्तरच्या दशकात त्याच्या क्षाराच्या रुग्णांवर चाचण्या झाल्या, पण मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला आणि त्या थांबवाव्या लागल्या. पेशी विभागताना डीएनएचा पीळ सोडवणारं एक एन्झाइम हे रसायन अडकवून ठेवतं, हे 1985 मध्ये उमगलं. मग केमिस्टांनी रेणूत बदल करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान बनवली. अमेरिकेत दोन्हींना 1996 मध्ये मान्यता मिळाली. झाडापासून औषधापर्यंत तीस वर्षं गेली, आणि त्यातला मोठा भाग रेणू दुरुस्त करण्यात.

आता सिग्नलचं. नरक्याचं औषध थेट डीएनएच्या कामावर घाव घालतं, ते सिग्नल अडवणाऱ्यांत मोडत नाही. पेशीला 'दोन हो' असा हुकूम, म्हणजेच सिग्नल, कायनेज नावाच्या प्रथिनांच्या साखळीतून जातो. कॅन्सरमध्ये यातलं एखादं बटण चालूच राहतं. मुलीला खरं तर रोहिटुकीनची गोष्ट वाचायला द्या. घाटातल्या डिसोक्सायलम जातीच्या झाडात हे द्रव्य मिळतं. हेक्स्ट या जर्मन औषध कंपनीच्या मुंबईतल्या संशोधनातून त्याच्या धर्तीवर फ्लेवोपिरिडॉल तयार झालं. पेशीचं चक्र पुढं ढकलणारी सीडीके नावाची कायनेज ते अडवतं. या गटातलं माणसांवर तपासलं गेलेलं ते पहिलं औषध. बरीच वर्षं चाचण्या होऊनही ते बाजारात आलेलं नाही. या क्षेत्रात हे नेहमीचंच आहे. हळदीतल्या कुरकुमिनचंही तसंच: प्रयोगशाळेतल्या पेशींवर ते अनेक सिग्नल अडवताना दिसतं, पण पोटातून रक्तात फारच थोडं पोहोचतं. 'हळदीनं कॅन्सर बरा' असे मेसेज फिरवणाऱ्यांना एवढं ठाऊक असतं तर!

म्हणून माझं मत असं, की तिला वनस्पतींपेक्षा केमिस्ट्रीची आवड आहे का ते आधी बघा. केमिस्ट्री नको म्हणून ती बायोलॉजीकडे वळली असेल, तर ही वाट तिची नव्हे. बीएएमएस वाईट नाही, पण ते वैद्य होण्याचं शिक्षण आहे. रेणू वेगळा करणं, त्याची रचना ठरवणं, तो कुठल्या प्रथिनाला चिकटतो ते शोधणं यांवर तिथं भर नसतो.

तुम्ही लिहिलंय की घर एका पगारावर आणि थोड्या उसावर चालतं. तर मी बी.फार्म. सुचवेन. पीसीबीवर एमएचटी-सीईटी देऊन प्रवेश मिळतो, कोल्हापुरात कॉलेजं आहेत, आणि चार वर्षांनी तिनं विचार बदलला तरी कंपनीत क्वालिटी कंट्रोलची नोकरी किंवा मेडिकल दुकानाचं लायसन्स हाताशी राहतं. पुढे जीपॅट ही एम.फार्म.साठीची राष्ट्रीय परीक्षा काढली तर एम.फार्म.ला महिना 12,400 रुपये स्टायपेंड मिळतो. तिथं फार्माकॉलॉजी (औषध शरीरात कसं काम करतं) किंवा फार्माकोग्नॉसी (वनस्पतींतली औषधी द्रव्यं) घ्यावी. नायपर या औषधशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थांची प्रवेश परीक्षाही द्यावी. बी.एस्सी. केमिस्ट्री, मग आयआयटी जॅम ही प्रवेश परीक्षा आणि एम.एस्सी. ही वाट संशोधनासाठी अधिक थेट आहे, पण मध्येच सोडली तर हातात कमी उरतं. सीएसआयआर नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं, म्हणजे पीएच.डी.चा भार तुमच्यावर येत नाही. पुण्यात एनसीएल ही रसायनशास्त्राची आणि एनसीसीएस ही पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था, खारघरला टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक, ही तिनं नजरेसमोर ठेवायची नावं.

पीएच.डी. होईतो ती एकोणतीस-तीसची होईल. हे लपवण्यात अर्थ नाही. लग्नाचा विषय घरात निघेलच, तेव्हा तुम्ही कुठल्या बाजूला असाल ते आत्ताच तिच्याशी बोलून ठेवा.

आणि सीईटीनंतरच्या सुटीत तिला शिवाजी विद्यापीठात बायोकेमिस्ट्री किंवा बॉटनी विभागात घेऊन जा. आधी विभागप्रमुखांची परवानगी घ्या. पीएच.डी. करणाऱ्या एखाद्या ताईला तिनं फक्त एवढंच विचारावं: गेल्या आठवड्यात तुम्ही रोज नेमकं काय केलं? उत्तर असेल अर्क गाळला, कॉलम (अर्कातली द्रव्यं वेगळी करणारी नळी) चालवला, निकाल चुकला, पुन्हा चालवला. हे ऐकून ती कंटाळली की तिनं पुढचा प्रश्न विचारला, ते मला कळवा. त्यानंतर कॉलेजांच्या पसंतीक्रमाचं बोलू.