तळं गावाचं, पण फळी कोण काढणार?

मागच्या अंकात सहज विचारलं होतं की तुमच्या गावच्या तळ्याचं काय चाललंय, तर गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत इतकी पत्रं आणि व्हॉट्सअॅप आले की ह्या वेळचं सगळं सदर तळ्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, गावांची नावं मुद्दाम गाळलीत.

ताई, आमच्या गावात जुनं मोठं तळं आहे. पंचायतीनं आता सुशोभीकरण काढलंय, सभोवार पेव्हर्स, लाइट, मधोमध कारंजं आणि पेडल बोटी. पोरं खूश आहेत, आणि संध्याकाळी बायकांना म्हाताऱ्यांना बसायला जागा नाही हेही खरंच आहे. पण जे चार-पाच जण अजून वायंगण (पावसाळ्यानंतरचं भाताचं पीक) करतात ते विचारतात, पाणी आमच्या शेताला सोडणार की बोटींसाठी ठेवणार? मी ग्रामसभेत हे बोललो तर मला विकासाच्या आड येणारा ठरवला. चुकलो का?
— एक वाचक, बार्देस

नाही चुकलात. त्या चार-पाच जणांनी जो प्रश्न विचारलाय तोच पहिला प्रश्न आहे, पेव्हर्सचा रंग कुठला ते मागाहून.

आपल्याकडची बरीचशी तळी फिरायला म्हणून झालीच नाहीत. पूर्वीच्या लोकांनी बांध घातला, पाऊस ओसरला की मानशीला (बांधातल्या पाण्याच्या दाराला) फळ्या लावायच्या, पाणी अडवायचं आणि मग लागेल तसं एकेक फळी काढून खालच्या शेतांना वायंगणासाठी सोडायचं. उन्हाळ्यात तळं खाली जायचं, तळ उघडा पडायचा, गाळ काढून शेतात-माडांच्या मुळात घालायचा, मासे धरायची पावणी (लिलाव) व्हायची आणि त्या पैशांतून बांध दुरुस्त. म्हणजे तळं भरणं आणि रिकामं होणं हीच त्याची देखभाल होती, वेगळं काही मेंटेनन्सचं टेंडर लागत नव्हतं. आता बोटीला बारा महिने पाणी हवं, कारंज्याला पण हवं, म्हणजे फळी कधी काढायचीच नाही असं होतं आणि मग गाळ तिथंच बसतो, शेत पडीक राहतं आणि पडीक शेताला गिऱ्हाईक कुठून येतं ते मी तुम्हाला बार्देसात सांगायला नको.

दोन्ही जमत नाही असं मात्र नाही. कुडचड्याचं नंदा तळं बघा, साधारण 42 हेक्टर, 2022 साली ते गोव्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं, आणि तिथं पाणी साठवून खाली भातशेती, मासेमारी आणि लोकांचं फिरणं ह्या तिन्ही गोष्टी चालतात. तेव्हा ग्रामसभेत "बोटी नकोत" म्हणू नका, "पाण्याचं वेळापत्रक आधी लिहा" म्हणा. कुठल्या महिन्यात किती पाणी सोडायचं, फळीची चावी कुणाकडे, वायंगणवाल्याला विचारल्याशिवाय फळीला हात लावायचा नाही, पाणी ठरल्या खुणेच्या खाली गेलं की बोटी बंद. बांधाच्या दगडावर रंगानं ती खूण करून ठेवा, म्हणजे लहान पोराला पण कळेल आणि वाद होणार नाही.

दुसरं, एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा काढून बघा तळं कुणाच्या नावावर आहे. कोमुनिदादीचं, म्हणजे गावकारांच्या जुन्या जमीन-संस्थेचं असेल तर पंचायत एकटी ठरवू शकत नाही. आणि हे नीट वाचा कारण इथं भले भले फसतात: 2017 चे केंद्राचे पाणथळ नियम आहेत, त्यात अधिसूचित पाणथळीत भराव, कचरा, सांडपाणी ह्याला बंदी आहे, आणि गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून पन्नास मीटरच्या आत बोटीचा धक्का सोडून पक्कं बांधकाम करता येत नाही. पण त्याच नियमांच्या व्याख्येतून मुद्दाम करमणुकीसाठी, सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेली तळी वगळलीत. म्हणून उद्या प्रकल्पाच्या कागदावर कुणी "रिक्रिएशनल लेक" असं लिहून ठेवलं तर तो साधा शब्द नाही, त्याचा आधार घेऊन कुणीतरी म्हणेल की ह्याला नियमच लागू नाहीत. कागद सही होण्याआधी वाचा. तळ्याचा जुना इतिहास, येणारे पक्षी, झरे, मासे हे सगळं पंचायतीच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीत लिहून घ्या. ही समिती 2002 च्या कायद्यानं प्रत्येक पंचायतीत असायलाच हवी. वही कपाटात पडली असेल तर बाहेर काढायला लावा, तो तुमचा हक्क आहे. आणि नोंद झाली की राज्याच्या पाणथळ प्राधिकरणाकडे ग्रामसभेचा ठराव पाठवा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर, कारंजं नको. उथळ तळ्यात ते गाळ ढवळतं आणि पाणी सदाच गढूळ. सभोवार सिमेंटची उभी भिंत तर अजिबात नको, कारण उतरता मातीचा काठ असतो तिथंच बेडूक, खेकडे, कमळपक्षी, पाणकोंबड्या असतात, भिंत घातली की पाणी राहतं पण त्यातलं सगळं जातं. चालायला वाट एकाच बाजूला करा, बांधावरून, चिऱ्याची (जांभ्या दगडाची) नाहीतर मातीची. दुसरी बाजू गवताळ तशीच ठेवा, तिथं लाइट पण नको. बाक ठेवा भरपूर, पाठ टेकता येईल असे. पेडल बोटी चार-सहा, बांधाकडच्या खोल भागात, इंजिनाची एकही नको. आणि तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात, फक्त बांध आणि गाळासाठी, हिशेब दर ग्रामसभेत वाचायचा. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त लावून धरा, पैसे पंचायतीच्या मोठ्या खात्यात गेले की परत तळ्यापर्यंत येत नाहीत.

आम्ही कॉलेजची मुलं दोन वर्षांत तीनदा श्रमदान करून तळ्यातली जलपर्णी काढली. फोटो पेपरात पण आले. प्रत्येक वेळी तीन-चार महिन्यांत तळं परत हिरवंगार. आता कुणी यायला तयार नाही, सर पण म्हणतात सोडून द्या. काय चुकतंय?
— फोंड्याची एक विद्यार्थिनी

अगं, तुमचं काही चुकत नाहीये, तुम्ही पान काढताय आणि कुणीतरी वरून खत घालतंय एवढंच. जलपर्णीला हवं तसं पाणी मिळालं की ती आठवडा-दोन आठवड्यांत दुप्पट होते, म्हणून काठाला टोपलीभर जरी राहिली तरी तीन महिन्यांत तळं झाकतं. आणि हवं तसं पाणी म्हणजे साबणाचं आणि संडासाचं.

आमच्याच गावची गोष्ट सांगते. एका मार्च महिन्यात पहाटे बांधावरून जात होते, तर काठाला शेकडो मासे तोंड वर काढून पाण्याच्या वरच्या कडेला हवा घेत होते, पुक पुक असा बारीक आवाज येत होता. दुपारपर्यंत त्यातले पांढरे पोट वर करून तरंगले. लोक म्हणाले कुणीतरी विष घातलं. विष नव्हतं. तळं पर्णीनं झाकलेलं, खाली कुजणारा पाला, कुजण्यात पाण्यातला प्राणवायू संपतो आणि रात्रभर झाडं पण तोच ओढतात, म्हणून पहाटेला सगळ्यात कमी उरतो. आम्ही सहा जणींनी मग तळ्याला मिळणारं गटार धरून उलटं वर चालायला सुरुवात केली, काट्यांतून, कुणाच्या भाटातून (माडांच्या बागेतून), आणि अर्ध्या तासात वरच्या बाजूच्या एका नव्या वसाहतीच्या मागं पोचलो. सेप्टिक टँक भरून वाहत होती, काळं पाणी, त्यावर साबणाचा फेस, आणि ते सरळ पावसाळी गटारात. आपला चिरा सच्छिद्र, सोकपिट (सांडपाणी मुरायचा खड्डा) भरली की पाणी जमिनीतून पण झिरपत तळ्याकडेच जातं. फोटो काढले, तारखा लिहिल्या, पंचायतीला आणि आरोग्य केंद्राला दिले, सात महिने मागं लागावं लागलं. टाकी दुरुस्त झाल्यावर जी पर्णी काढली ती अजून पूर्वीसारखी आलेली नाही.

तेव्हा पुढचं श्रमदान तळ्यात करू नका, गटारात करा. आधी गटार धरून वर चाला आणि नकाशा काढा. मग पर्णी काढायची ती मे महिन्यात पाणी कमी असताना, आणि काढलेली काठावर ढीग करून अजिबात ठेवायची नाही, पहिल्या पावसात ती सगळी परत आत येते, तुमचं तीनदा असंच झालं असणार. लांब नेऊन खड्ड्यात शेणाबरोबर कुजवा. नंतर दर पंधरा दिवसांनी चौघी जणी अर्धा तास काठ फिरून दिसेल ते रोप उचलायचं, बस्स, ह्याला फोटो नाही की पेपर नाही पण तळं ह्यानंच राहतं. आणि कुणी तणनाशक फवारू म्हणालं तर ठामपणे नाही म्हण. मेलेली पर्णी तिथंच कुजते आणि मासे परत मरतात.

आमच्या वाड्यावरच्या चवथीच्या गणपतीचं विसर्जन पिढ्यान्‌पिढ्या तळ्यात होतं. आता काही जण म्हणतात बंद करा, पक्षी जातात. आमच्या भावनेचं काय?
— सत्तरी

भावना तशीच ठेवा, कुणी हात लावू नये तिला. चिकणमातीची, रंग न लावलेली किंवा मातीच्या रंगाची मूर्ती तळ्यात विरघळते, आपल्या आजोबांनी तेच केलं. पीओपीच्या मूर्तीवर गोव्यात बंदी आहे तरी बाहेरून येते, आणि ती विरघळत नाही, उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर हात तुटलेले गणपती चिखलात पडलेले मी बघितलेत, ते बघवत नाही आणि तोच मला भावनेचा अपमान वाटतो. मूर्ती सांगताना शाडू की पीओपी ते मूर्तिकाराला समोर बसून विचारा, नखानं खरवडून बघा.

मूर्तीइतकाच त्रास माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळा-फुलांची चौकट) आणि निर्माल्याचा. नारळ, सुपाऱ्या, फळं, हार, वर थर्माकोलची मखर आणि प्लास्टिकची फुलं सगळं एकाच वेळी पाण्यात. माटोळी घरीच उतरवा, खायची फळं वाटा, बाकीचं कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) झाडाच्या मुळात. आमच्याकडे बांधावर दोन मोठ्या टोपल्या ठेवतो आणि वाड्यावरचे दोन मुलगे आरती झाली की हात जोडून निर्माल्य मागून घेतात. पहिल्या वर्षी लोक रागावले, दुसऱ्या वर्षी स्वतःहून टोपलीपाशी थांबले. विसर्जनासाठी एकच घाट ठरवा, बाकी काठ मोकळा.

तळ्यात मच्छर झालेत. कुणी म्हणतं अळ्या खाणारे गप्पी मासे आणून सोडा, मुलग्याला गळ टाकायचा नाद आहे तो म्हणतो मांगूर सोडू, मोठा होतो. सोडू का?
— केपे

कृपा करून काही सोडू नका. आफ्रिकन मांगूर पाळायला देशात 2000 सालापासून बंदी आहे, तो इतर मासे, बेडकांची पिल्लं सगळं खातो आणि एकदा आत गेला की काढता येत नाही. घरच्या टाकीतले शोभेचे मासे, छोटी कासवं पण नकोत, "मोकळं सोडलं, पुण्य लागलं" असं वाटतं पण ते तळ्याच्या माशांच्या जिवावर. तळ्यात गावठी मासे, चतुर आणि बेडूक शिल्लक असतील तर डासाच्या अळ्या तेच खातात. डास बहुतेक वेळा तळ्यातले नसतातच, काठावर टाकलेले कप, करवंट्या, टायर, बांधकामाचं साचलेलं पाणी बघा. मुलग्याला गळ टाकू दे, पण पहिल्या पावसात मासे चढणीला लागतात तेव्हा नाही. त्यांच्या पोटात अंडी असतात.

सांजांवला (सेंट जॉनच्या सणाला) पोरं बांधावरून तळ्यात उड्या मारतात. अडवावं का? आई म्हणून भीती वाटते.
— सासष्टी

सण अडवू नका, जागा ठरवा. 24 जूनला पाणी नुकतं चढलेलं असतं, गढूळ, खालचा दगड, झाडाचा बुंधा दिसत नाही. आदल्या दिवशी पोहणाऱ्या दोघा जाणत्यांनी आत उतरून बांबूनं खोली मोजायची, तळ चाचपायचा आणि तेवढ्याच भागाला दोरी. डोक्यावर उडी नाही, पायांवरच. प्यायलेल्याला आत सोडायचं नाही, मग तो कुणाचाही मुलगा असो. काठाला दोर बांधलेली हवा भरलेली ट्यूब आणि एक लांब काठी तयार ठेवा, बुडणाऱ्याच्या मागं उडी घेण्याआधी ती टाकायची, कारण बुडणारा वाचवणाऱ्यालाच धरून खाली नेतो. मानशीच्या जवळ तर कुणालाच नको, फळी उघडी असेल तर पाणी ओढतं. आणि बंद पडलेल्या चिरेखाणीत साचलेल्या पाण्यात सांजांव नकोच, तिथं काठ सरळ कापलेले असतात, बाहेर यायला पाय ठेवायला जागा नसते.