हवेची टाकी बांधायची कुठं?

प्रश्न : नमस्कार काका, माझी बोलेरो पिकअप आहे, बेळगावातनं भाजी भरून चोर्ला घाटानं गोव्याला जातो. रात्री घाटात हवा कमी झाली तर पंक्चरवाला कुठला मिळतोय, म्हणून १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर आणि १० लिटरची टाकी घेतली. आता टाकी बसवण्यावरनं वाद चाललाय. मेस्त्री म्हणतोय हौद्याखाली चॅसिसला बांध, भाऊ म्हणतोय हौद्यातच केबिनच्या मागं ठेव, आणि वेल्डिंगवाला म्हणतोय पट्टी आण, पाच मिनिटात चॅसिसला टाका मारून देतो. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, जांबोटी

उत्तर : मेस्त्रीचं ऐका. हौद्यात ठेवली की क्रेट आणि पोती टाकताना पहिला मार टाकीला आणि तिच्या नळीलाच बसणार, हमाल काय टाकी बघून पोतं टाकत नाहीत. आणि वेल्डिंगवाल्याला चहा पाजून परत पाठवा. चॅसिसच्या पत्र्याला वेल्डिंगची आच लागली की टाक्याच्या कडेचं लोखंड बदलतं, वर्ष-दोन वर्ष भरलेली गाडी खड्ड्यातनं गेली की तडा बरोबर तिथनंच सुरू होतो. त्यात तुमची गाडी नवीन असंल तर बॅटरी न काढता वेल्डिंग केलं म्हणून ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला असंही होतं, मग बसा शोरूमला फेऱ्या मारत. टाकीला तर टाका मारायचाच नाही, कान जोडायला सुद्धा नाही, ती प्रेशरची वस्तू आहे.

आता जागा. चॅसिसची पट्टी सी आकाराची असते, तिच्या वरच्या आणि खालच्या आडव्या कडेवर सगळ्यात जास्त ताण येतो, तिथं भोक पाडायचं नाही म्हणजे नाही. उभ्या भागात कंपनीनं आधीच भोकं दिलेली असतात, ती शोधा आणि त्यातनं बोल्ट घालून ब्रॅकेट बसवा. नवीन भोक पाडायची वेळ आलीच तर उभ्या भागाच्या मध्यावर, आणि ड्रिल लावायच्या आधी मागच्या बाजूनं हात घालून चाचपून बघा, कारण बऱ्याच गाड्यांत ब्रेकचा पाइप आणि वायरिंग त्याच पट्टीच्या आतनं गेलेलं असतं. सायलेन्सरपासनं लांब, जॉइंटच्या फिरत्या शाफ्टपासनं लांब, डिझेलच्या टाकीला चिकटून नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, माप गाडी भरून घ्या. रिकाम्या गाडीत स्प्रिंगच्या पाट्यांच्या वर ऐसपैस जागा दिसते, त्यावर विश्वास ठेवून टाकी बांधली की माल भरल्यावर एक्सल वर येतो आणि घाटातल्या पहिल्या खड्ड्यात धाड करून लागतो. टाकी चॅसिसच्या खालच्या कडेच्या खाली लोंबती पण ठेवू नका, दगड लागतात.

बांधायला दोन पट्ट्या किंवा यू-बोल्ट, मध्ये जुन्या ट्यूबचा रबर, आणि नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला, ढिला न होणारा). साधा नट चोर्ला उतरेपर्यंत टिकला तरी परत येताना कधी गळून पडंल सांगता येत नाही. रबराखाली पाणी मुरतं आणि आत गंज धरतो, बाहेरनं रंग चकचकीत दिसतो म्हणून कळत पण नाही, तेव्हा पावसाळा संपला की पट्टी ढिली करून एकदा बघायचंच.

कॉम्प्रेसर शक्यतो टाकीपेक्षा उंचावर बसवा, म्हणजे टाकीतलं पाणी त्याच्याकडं परत येत नाही, आणि दोघांच्या मधे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे हवा एकाच बाजूला जाऊ देणारा. कॉम्प्रेसर बॉडीला आणि टाकी चॅसिसला असंल तर मधे कडक पाइप अजिबात नको, बॉडी आणि चॅसिस वेगवेगळे हलतात, पाइपाचा जोड तुटतो. स्टीलची जाळी असलेली टेफ्लॉन नळी घ्या, कॉम्प्रेसरमधनं निघणारी हवा एवढी गरम असते की साधी नळी तोंडापाशी मऊ पडते. बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिकची कामं चालतात, होज मापात क्रिम्प करून देणारे तिथंच मिळतील. प्रेशर स्विच १५० पीएसआयला (पंपावर ज्याला पॉइंट म्हणतात तेच) बंद होणारा असंल तर सेफ्टी व्हॉल्व्ह १७५ च्या आसपासचा, आणि तो बाहेरच्या बाजूला तोंड करून. वायर सिगारेट लायटरच्या सॉकेटमधनं घेऊ नका की, असा कॉम्प्रेसर २५-३० अँपिअर सहज ओढतो. थेट बॅटरीवरनं, रिले (जास्त करंट चालू-बंद करणारा स्विच) लावून, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ.

एक सांगून ठेवतो, टाकीकडनं फार अपेक्षा ठेवू नका. टाकी हवा तयार करत नाही, साठवते फक्त. तुमच्या मागच्या टायरची आतली जागा ४० लिटर धरा, त्यात ४५ वरनं ६५ पॉइंट हवा करायची तर मोकळी, म्हणजे न दाबलेली हवा साधारण ५५ लिटर लागते, आणि १० लिटरची टाकी १२० वरनं ६५ पर्यंत उतरताना देते ३८ लिटर. म्हणजे एक टायर पण पुरा होत नाही, बाकीचं काम कॉम्प्रेसरलाच करायचंय. एअर फिल्टर झटकायला, गाडीतली माती उडवायला टाकी मस्त.

प्रश्न : माझ्या पिकअपला टाकी आधीच आहे, पावसाळ्यात हवा मारायच्या बंदुकीतनं हवेबरोबर पाणी उडतंय. टाकी खराब झाली काय? दुसरं, भंगारात ट्रकच्या ब्रेकची टाकी स्वस्तात मिळतेय, ती बदलून टाकू का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : टाकी खराब नाही, हवाच ओली आहे. ३० अंशाला पूर्ण ओल्या हवेत एका घनमीटरला ३० ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ असते. तीच हवा दाबून नवव्या हिश्श्याएवढ्या जागेत कोंबली की थंड झाल्यावर त्यातलं बहुतेक पाणी बाहेर पडतं. १० लिटरची टाकी एकदा भरली की तळाला अर्धा चमचा पाणी, आणि दिवसातनं चार-पाच वेळा भरत असाल तर हिशोब तुम्हीच करा. म्हणून ड्रेन कॉक (पाणी सोडायची तोटी) सगळ्यात खाली पाहिजे आणि गाडीखाली न झोपता हाताला लागला पाहिजे, नाहीतर दोन दिवस सोडाल आणि विसराल. लागत नसंल तर कोपर आणि छोटी नळी लावून कॉक बाहेर काढा. पावसाळ्यात रोज गाडी लावताना सोडायचा. हवा घ्यायचं तोंड टाकीच्या वरच्या अंगाला असू दे.

ट्रकची जुनी टाकी वाईट नसते, ती साधारण ८ बारसाठीच केलेली असते. पण आतनं किती गंजलीय ते बाहेरनं दिसत नाही. प्लग काढून आत टॉर्च मारून बघा, हलवून बघा, खपल्या हलताना आवाज आला तर परत भंगारात. चांगली वाटली तरी आधी पाणी भरून दीडपट दाबाची टेस्ट करून घ्या, पाण्यानंच, हवेनं नाही. गॅसच्या रिकाम्या सिलिंडरची टाकी करणारे महाभाग पण भेटतात, त्यांच्या शेजारी उभं पण राहू नका.

प्रश्न : टाकी आहेच तर त्यावर प्रेशर हॉर्न जोडला तर चालंल काय?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : जोडता येईल, चालणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ११९ वा नियम वेगवेगळ्या सुरांचा आणि कर्कश हॉर्न लावू देत नाही, पासिंगला गाडी अडकंल आणि मधे पोलीस पकडतील ते वेगळंच. हॉर्नसाठी टी, म्हणजे तीन तोंडाचा जोड आधीच लावला असंल तर तो कशासाठी लावलाय त्यापेक्षा तो गळतो का ते बघा. टाकी भरून संध्याकाळी काटा बघा, सकाळी परत बघा. काटा थोडा खाली आला तर नेहमीचं, अर्ध्यावर आला तर प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावा, आणि जिथं बुडबुडा आला तिथं पाना लावायच्या आधी टाकीतली हवा पुरी सोडा.