वाचकांचे प्रश्न : सांगलीतला फ्लॅट विकून बेळगावात

प्रश्न : विश्रामबागेतला फ्लॅट विकून आम्ही मुलाजवळ बेळगावला जातोय. बजेट ४० लाख. एजंट म्हणतो, तिकडे दस्ताचा खर्च कमीच येतो. खरं का?

उत्तर : नव्या फ्लॅटला खरं, जुन्याला नाही. सांगली महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ५ टक्के, अधिभार १ टक्का आणि नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार. ४० लाखांवर २ लाख ७० हजार झाले. कर्नाटकात नोंदणी फीला अशी मर्यादा नाही आणि ३१ ऑगस्ट २०२५ पासून ती १ वरून २ टक्क्यांवर गेली. रीसेलचा फ्लॅट घेतलात तर शुल्क ५ टक्के, त्या शुल्कावर पुन्हा १० टक्के सेस आणि २ टक्के सरचार्ज. सगळं धरून ३ लाख ४ हजार. बिल्डरकडून पहिल्यांदाच विकला जाणारा फ्लॅट ४५ लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क ३ टक्केच, मग बेरीज २ लाख १४ हजार ४०० वर येते.

ही ४५ लाखांची रेघ सांभाळा. ४५ लाखांना खर्च २,४१,२००. सौदा ४६ वर गेला की पूर्ण रकमेवर ५ टक्के लागून ३,४९,६००. पार्किंग, क्लबहाऊस धरून दस्तात किती आकडा येणार, हे टोकन देण्याआधीच विचारा. सरकारी मार्गसूची दर (आपल्याकडचा रेडी रेकनर) जास्त निघाला तर शुल्क त्यावर लागतं. ‘दस्तात कमी दाखवू, वरचे रोख द्या’ म्हणणारे भेटतीलच. ऐकू नका, पुढे विकताना नफा तेवढाच फुगलेला दिसतो.

फक्त बायकोच्या नावावर घेऊन १ टक्का वाचवायचा बेत असेल, तर ती सवलत महाराष्ट्राची आहे. कर्नाटकात चालत नाही. जीएसटी दोन्हीकडे सारखाच, आणि पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतलेल्या फ्लॅटला नाहीच.

खरी फसगत कागदांत होते. आपल्याकडे इंडेक्स टू पाहतात, तिथे आधी ई-खाता, म्हणजे मिळकतीचा मालकासह ऑनलाइन उतारा, पाहा. त्याशिवाय दस्त नोंदत नाहीत. खाता विकणाऱ्याच्याच नावावर आहे का, क्षेत्रफळ दस्ताशी जुळतं का, हे ताडून घ्या. पंचायत हद्दीत असेल तर ई-स्वत्तूचे (पंचायतीच्या ऑनलाइन मिळकत नोंदींचे) नमुना ९ आणि ११ मागा. बोजा तपासायला ३० वर्षांची ईसी, म्हणजे बोजा दाखला (एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट), काढा. जुने दस्त बहुधा कन्नडमध्ये असतात. चतुःसीमा वकिलाकडून शब्दन्‌शब्द वाचून घ्या. घरपट्टी एप्रिलमध्ये भरली की ५ टक्के सूट मिळते.

प्रश्न : नवं घर परराज्यात घेतलं तर जुन्याच्या नफ्यावरची करसवलत जाते का?

उत्तर : नाही, घर भारतात असलं की झालं. जुनं घर २४ महिन्यांहून जास्त काळ तुमच्याकडे असावं. नवं, विक्रीआधी १ वर्ष किंवा नंतर २ वर्षांत घ्यायचं. रिटर्नच्या मुदतीपर्यंत खरेदी झाली नाही, तर नफ्याची रक्कम बँकेत भांडवली नफा खात्यातच ठेवा. साधी एफडी चालत नाही.