एजंटच्या हाती फोन देण्याआधी

भाऊ, तुझ्या वतीने फोन चालवणाऱ्या एआय एजंटला स्क्रीनशॉट दाखवून बटणाची जागा ओळखायला लावू नको. थोडा अंदाज चुकला की शेजारचं बटण दाबलं जातं. एडीबीवरून, म्हणजे कॉम्प्युटरवरून अँड्रॉइड फोनला हुकूम देणाऱ्या टूलने, यूआय-ऑटोमेटरचा डंप घे, म्हणजे स्क्रीनवरच्या सगळ्या गोष्टींची यादी. त्यात बटणाची चौकट मिळते, डावा-वरचा आणि उजवा-खालचा कोपरा: [८४,१२१०][९९६,१३४२] असेल तर मध्य ५४०, १२७६. टॅप तिथेच. हे आकडे कोडमध्ये पक्के लिहू नको, दुसऱ्या फोनवर सगळं सरकतं.

प्रत्येक टॅपनंतर नवा डंप घे, स्क्रीन बदलली का ते बघ. माझ्याकडे पान हळू उघडलं, एजंटने पुन्हा दाबलं आणि घरी दोनदा किराणा आला. आई दिवसभर बोलली नाही. म्हणून पैशाच्या पानावर तो थांबलाच पाहिजे, शेवटचं बोट तुझं.

सराव नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून घेतलेल्या जुन्या फोनवर कर, सिम काढून. आणि मे महिन्यात तो चार्जिंगला लावून गच्चीवरच्या खोलीत ठेवू नको.